अंतराळ कायद्याकडे वळताना: गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी

डिचोली, सत्तरी किंवा सांगे तालुक्यात वाढलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला जमीन एकाची, खनिज दुसऱ्याचे आणि ते काढण्याचा हक्क तिसऱ्याचा असू शकतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही. खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निवाडा अभ्यासतानाच मी अंतराळातील साधनसंपत्तीच्या कायद्याकडे वळले.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार चंद्रावर किंवा लघुग्रहावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. मात्र तेथून काढलेले खनिज कुणाचे, याबाबत ते कलम मौन बाळगते. त्या मौनाचा आधार घेऊन अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेंबर्गने २०१७ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये आपल्या कंपन्यांना काढलेल्या संपत्तीवर हक्क देणारे कायदे केले. या संपत्तीला मानवजातीचा सामाईक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या चंद्र करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची बंधनकारक संमती, दिले नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावरही सही केली; संपत्ती काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे, असे हा करार मानतो. या दोन सह्या एकत्र कशा नांदतात, यावर प्रत्येकाने एक टिपण लिहून पाहावे.

तुलनेसाठी फार लांब जायला नको. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ज्या पॉलिमेटॅलिक नोड्यूलचा, म्हणजे मँगनीज, निकेल, तांबे असलेल्या गोळ्यांचा, अभ्यास केला, ते कुठल्याच देशाच्या मालकीच्या नसलेल्या सागरतळावर आहेत. तेथील शोधाचे करार आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण करते. चंद्रासाठी असे प्राधिकरण नाही, आणि माझ्या मते आजच्या वादाचे मूळ तेच आहे.

लघुग्रहांवरील खाणकामाचे आकर्षण असले, तरी पोट त्यावर भरत नाही. माझ्याकडे आलेली पहिली कामे उपग्रहाच्या भू-केंद्राच्या कराराची आणि विम्याची होती. बाह्य अवकाश कराराचे सहावे कलम खासगी कंपनीच्या अंतराळातील कामाची जबाबदारी तिच्या देशावर टाकते, म्हणून सरकारला परवाना आणि देखरेख अटळ ठरते. भारतात ते काम इन-स्पेस ही सरकारी संस्था पाहते. शिवाय १९७२ च्या दायित्व करारानुसार पृथ्वीवर झालेल्या नुकसानीसाठी प्रक्षेपक राष्ट्र, म्हणजे यान किंवा उपग्रह सोडणारे राष्ट्र, दोष सिद्ध न होताही भरपाई देण्यास बांधील असल्याने, तो बोजा कंपनीवर किती टाकायचा, हाच वाटाघाटीचा खरा मुद्दा असतो. थेट परकीय गुंतवणुकीचे २०२४ चे नियमही हाताशी ठेवावेत: स्वयंचलित मार्गाने, म्हणजे सरकारची आगाऊ मंजुरी न घेता, उपग्रहांसाठी ७४ टक्क्यांपर्यंत, प्रक्षेपक रॉकेटांसाठी ४९ टक्क्यांपर्यंत. पहिल्याच मुलाखतीत यावर प्रश्न येऊ शकतो.