जनमत चाचणीचा अहवाल कसा वाचावा

जनमत चाचणीच्या बातमीत टक्केवारी मथळ्यात असते आणि नेमका प्रश्न काय विचारला होता हे शेवटच्या परिच्छेदात, तेही छापले असेल तर. वाचताना हा क्रम उलटा करावा. आधी मूळ प्रश्न शोधावा, मग तो कोणाला विचारला ते पाहावे आणि आकड्यांकडे सर्वांत शेवटी वळावे. कारण लोकांच्या मनात मते तयार असतात आणि सर्वेक्षक ती केवळ मोजून आणतात, हे गृहीतकच पुष्कळदा टिकत नाही.

१९४०च्या सुमारास अमेरिकेत काही लोकांना ‘लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का’ असे विचारले गेले आणि इतरांना ‘अशा भाषणांवर बंदी घालावी का’ असे. तर्कदृष्ट्या दोन्ही प्रश्न एकच आहेत. तरीही परवानगी नाकारणारे लोक बंदी मागणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक निघाले. १९७०च्या दशकात सिनसिनाटी येथील संशोधकांनी तर अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याविषयी विचारणा केली आणि सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्यावरही मत दिले. म्हणून ‘माहीत नाही’ हा पर्याय दिला होता का आणि तो किती जणांनी निवडला, हे अवश्य तपासावे. प्रश्नांचा क्रमही पाहावा: महागाईवर चार प्रश्न विचारून झाल्यावर सरकारच्या कामगिरीबद्दल विचारले, तर उत्तरावर आधीच्या प्रश्नांची सावली पडण्याची शक्यता असते.

यानंतर नमुना, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारले ते निवडक लोक. त्याच्या आकाराने दिपून जाऊ नये. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्त्यांसाठी वापरलेल्या याद्यांत दूरध्वनी आणि मोटार बाळगणाऱ्या, म्हणजे त्या काळच्या सुखवस्तू लोकांचा भरणा होता, शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कल सारखा नव्हता. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला होता. तेव्हा नमुना कसा निवडला, किती जणांनी प्रतिसाद दिला आणि कमी पडलेल्या गटांची भरपाई भारांकनाने, म्हणजे त्यांच्या उत्तरांना अधिक वजन देऊन, कशी केली, हे विचारावे. २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणानुसार भारांकन केले नव्हते आणि ते त्यांच्या चुकीचे एक प्रमुख कारण ठरले.

आता आकडे. १००० जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्यात त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा जितका वर किंवा खाली असू शकतो ते अंतर, साधारण ३ टक्क्यांची असते. मात्र ती एका उमेदवाराच्या टक्केवारीला लागू होते, दोघांमधील अंतरासाठी ती जवळजवळ दुप्पट धरावी लागते. ४८ विरुद्ध ४५ या निकालावर ‘आघाडी’ असा मथळा देणे म्हणूनच घाईचे आहे. त्याच नमुन्यातील १०० तरुणांचे वेगळे मत सांगितले असेल, तर मर्यादा १० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय या मर्यादेत केवळ योगायोगाने होणारी चूक धरलेली असते. सदोष प्रश्नाची किंवा सदोष यादीची चूक तिच्यात येत नाही.

चाचणीच्या तारखाही नोंदवून ठेवाव्यात. मॅककॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-संशोधकांनी १९६८ साली अमेरिकेतील चॅपेल हिल येथे केलेल्या अभ्यासात, मतदार महत्त्वाचे मानत असलेले मुद्दे आणि माध्यमांनी उचलून धरलेले मुद्दे यांत मोठे साम्य आढळले. मुलाखतीच्या आठवड्यात बातम्यांत काय गाजत होते, हे त्यामुळे अहवालाइतकेच महत्त्वाचे ठरते. आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटणारा माणूस गप्प राहणे पसंत करतो, हे जर्मन जनमत-संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांचे प्रतिपादन वादग्रस्त असले, तरी समोरासमोरच्या मुलाखती आणि स्वतः भरायच्या प्रश्नावल्या यांचे निकाल शेजारी ठेवताना ते ध्यानात असावे.

कल पाहायचा असेल, तर एकाच संस्थेने त्याच शब्दांत आणि त्याच पद्धतीने वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांचीच तुलना करावी. खर्च कोणी केला हेही पाहावे. पक्षाने स्वतः करवून घेतलेल्या चाचण्यांपैकी सोयीच्या तेवढ्याच बाहेर येण्याचा संभव असतो, आणि ज्या अहवालात प्रश्नाचे शब्द, तारखा व नमुन्याची पद्धत दिलेली नाही, तो सरळ बाजूला ठेवावा.