इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक म्हणजे दाराची बेल नव्हे: या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी गाडी शिकवतोय. पूर्वी शिकायला येणारे अठरा-एकोणीस वर्षांचे असायचे. आता निम्मे चाळिशीच्या पुढचे असतात. लायसन्स जुनं, गाडी नवी आणि ऑटोमॅटिक, आणि फोन येतो, ‘सर, फक्त कॉन्फिडन्ससाठी चार दिवस या.’ पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच विचारतो. ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही, तर काय कराल? बहुतेक जण म्हणतात, हँडब्रेक ओढीन. ओढून दाखवा म्हटलं की हात मागे जातो, दांडा चाचपतो आणि रिकामा परत येतो. दांडा असतोच कुठे? तिथे दोन बोटांनी उचलायचं बटण असतं, त्यावर गोलात इंग्रजी ‘पी’.

हा प्रकार २००१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये आला आणि आता आपल्याकडे क्रेटा-हॅरियरसारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत सर्रास मिळतो. शोरूममध्ये गाडी देताना सनरूफ उघडून दाखवतात, फोन जोडून देतात. हे बटण चालत्या गाडीत काय करतं, ते मात्र कोणी सांगत नाही. आणि पुस्तिका? ती प्लास्टिकच्या पाकिटात, डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदाखाली.

टिचकी मारणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता तिच्यावर चिडायचाही कंटाळा येतो. एकदा मात्र ती मी माझ्या अंगावर पाहिली.

ताम्हिणी उतरत होतो, विळे यायला थोडं बाकी होतं. गाडी विद्यार्थ्याची, म्हणजे माझ्या पायाखाली जादा ब्रेक नाही. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, शांत स्वभावाचे. वेग पन्नासच्या आसपास. पुढे एक टेम्पो वळणावर रखडलेला. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘सर, ब्रेक खाली जात नाहीये.’

सीटखालची पाण्याची बाटली उतारावर घरंगळत येऊन पेडलच्या मागे अडकली होती. त्यांनी मी शिकवल्याप्रमाणे पी बटणाकडे हात नेला. बटण उचललं, सोडलं. टुंग. स्क्रीनवर काहीतरी अक्षरं आली. पुन्हा उचललं, सोडलं. टुंग. तिसऱ्यांदा. दारात उभं राहून बेल वाजवावी आणि आतून कोणी येत नाही म्हणून पुन्हा वाजवावी, तसं. पन्नासच्या वेगात गाडी दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. तीन टिचक्यांत आम्ही एका सोसायटीची लांबी संपवली होती.

मी त्यांच्या बोटांवरून माझी बोटं घातली, बटण वर ओढलं आणि धरून ठेवलं. गाडीचं नाक खाली गेलं, पुढून घर्रर्र असा आवाज आला, मागच्या सीटवरची त्यांची बॅग आमच्या दोघांच्या मधे येऊन पडली, आणि गाडी थांबली. टेम्पोच्या मागे लिहिलेलं ‘हॉर्न ओके प्लीज’ मला चष्म्याशिवाय वाचता येत होतं. बाटली काढली तर तिच्या पोटात पेडलचा ठसा उमटला होता, रबराच्या रेघांसकट.

बटण धरून का ठेवायचं, तेही सांगतो, कारण ‘सरांनी सांगितलं म्हणून’ एवढ्यावर शिकलेलं आयत्या वेळी आठवत नाही. गाडी उभी असताना टिचकी पुरते. मागच्या चाकांवरच्या दोन छोट्या मोटरी पॅड डिस्कवर आवळतात आणि काम संपतं. चालत्या गाडीत मात्र कोणाचा चुकून हात लागला, पोराने खेळता खेळता बटण उचललं, तर काय होईल याचा विचार गाडी बनवणाऱ्याने आधीच केलेला असतो. म्हणून टिचकीला गाडी फक्त टुंग करून रागावते. बटण धरून ठेवलं की तिला कळतं, हा माणूस खरंच अडचणीत आहे. मग बहुतेक गाड्यांत काम मोटरींकडून ईएससीकडे, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेकडे जातं. त्याचा पंप चारही चाकांना ब्रेक ऑईलचा दाब देतो, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. तो घर्रर्र आवाज या पंपाचा. बोट सुटलं की ब्रेकही सुटतो. गाडी पूर्ण उभी राहीपर्यंत बोट सोडायचं नाही. आवाजाला घाबरून सोडायचं नाही, बायको ओरडली म्हणून सोडायचं नाही.

माझी सवय अशी: नवी गाडी हातात आली की पहिल्या रविवारी सकाळी सहाला रिकामा, सरळ, कोरडा रस्ता गाठतो. मागे कोणी नाही हे आरशात दोनदा बघतो, तीसच्या वेगात बटण धरतो आणि गाडी थांबेपर्यंत धरून ठेवतो. एकदा, फार तर दोनदा. त्याआधी गाडी बंद करून, डोळे मिटून बटण शोधायचं, वीस वेळा. काही जर्मन गाड्यांत ते मधे नसतंच, स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डवर असतं. बहुतेक गाड्यांत ते वर ओढायचं असतं, काहींत उलट. आपल्या गाडीत कसं आहे ते पुस्तिकेत बघा. हो, तीच, पीयूसीखालची. व्हिडिओ बघून शिकलो असं मला सांगू नका, व्हिडिओतली गाडी तुमची नसते.

दोन ‘पी’ची गल्लत

गिअरचा पी वेगळा, ब्रेकचा पी वेगळा. चालत्या गाडीत गिअर पीमध्ये टाकला तर बटणावर चालणारा गिअर तो बहुतेकदा मानतच नाही, आणि जुन्या पद्धतीचा दांडा असेल तर आतला खटका कडकड करत दातांवरून उड्या मारतो. गाडी थांबत नाही, खर्च मात्र निघतो.

पायाच्या आधी बटण

हे नव्या पोरांचं खूळ. कुठेतरी पाहिलेलं असतं की हँडब्रेक ओढला की गाडी गर्रकन फिरते, किंवा वाटतं की इलेक्ट्रॉनिक म्हणजे जास्त दमदार. नाही. पायाचा ब्रेक चालू असेल तर पाय, आणि तोही पूर्ण ताकदीने. एबीएस लागल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, तेव्हा नवशिके नेमका पाय उचलतात. उचलू नका. चांगल्या टायरांवर, कोरड्या रस्त्यावर ८० च्या वेगातून पायाने गाडी साधारण ३० मीटरमध्ये उभी राहते. त्याच्या आधीचं सेकंदभर दचकणं वेगळं. आता दुसरी बाजू बघा. मोटारगाड्यांच्या ब्रेकचा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, आर १३-एच. त्यात पार्किंग ब्रेकने उभी गाडी २० टक्के उतारावर धरली पाहिजे, आणि चालत्या गाडीचा वेग त्या एकट्याने दर सेकंदाला सेकंदी किमान दीड मीटरने उतरवला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. ईएससीची मदत मिळाली तर बटण याहून पुष्कळ जास्त करतं. पण ती मदत नसेल आणि सगळा भार त्या किमान ताकदीवरच आला, तर ८० वरून उभं राहायला दीडशे मीटरच्या वर जागा लागेल. बटण पायाच्या जागी नाही, पाय कामाला येत नसेल तेव्हासाठी आहे.

घाट न्यूट्रलमध्ये उतरून मग बटणाची आशा धरणे

माझी दुसरी दुखरी नस. ‘सर, डिझेल वाचतं.’ नाही वाचत. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर इंजेक्शनवाली इंजिनं इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. म्हणजे पैसेही जातात आणि ब्रेकही.

सतत ब्रेक दाबून उतरलं की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पकड कमी होते. त्यातून ब्रेक ऑईल जुनं असेल तर ते उकळतं. हे ऑईल हवेतलं पाणी पितं. नव्या ‘डॉट ४’ दर्जाच्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी प्यायल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑईलमध्ये वाफ झाली की पेडल स्पंजासारखं खाली जातं. अशा वेळी लोक पी बटण धरतात आणि गाडी मनासारखी थांबत नाही. कशी थांबेल? बटण त्याच पंपातून, तेच उकळलेलं ऑईल, त्याच तापलेल्या पॅडना देतंय. फार तर मागच्या मोटरी आपल्या जोरावर आवळतील, पण मागचे पॅडही काही बर्फात ठेवलेले नसतात. बाटली अडकली, मॅट गुंडाळली गेली, चालवणाऱ्याला चक्कर आली, अशा वेळी हे बटण देवासारखं धावतं. शिजवलेले ब्रेक ते कच्चे करून देत नाही.

जुने ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअलवर घेऊन दोन किंवा तीन. ब्रेक सारखा घासत ठेवायचा नाही, वळणाआधी एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा. इलेक्ट्रिकवाल्यांनी हुरळू नये: महाबळेश्वरला हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी पसरणी उतरायला निघालात, तर भरलेल्या बॅटरीत परत वीज घालायला जागा नसते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर बॅटरीत वीज भरत गाडी स्वतःहून धरते ते धरणं सुरुवातीला मिळतच नाही. मी ८० टक्क्यांना प्लग काढतो. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलतो, पावसाळ्यानंतर. गाडी किती चालली हे बघत नाही.

मागचे पॅड नाक्यावर बदलणे

एका विद्यार्थ्याने चारशे रुपये वाचवले. मिस्त्रीने जुन्या सवयीने शिकंजा लावून मागचा पिस्टन आत रेटला. या ब्रेकमध्ये आधी स्कॅनर लावून किंवा पुस्तिकेतल्या पद्धतीने मोटर मागे घ्यायची असते. मोटरीचे दात गेले, पिवळा दिवा लागला, आणि तो दिवा घेऊन साहेब तीन महिने फिरत होते, कारण ‘पार्क करताना तर लागतोय की’. एका बाजूचा लागत होता.

किरकोळ, पण रोजच्या

ब्रेक लागेना म्हणून चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगड होतं. ऑटो होल्ड म्हणजे हे बटण नव्हे, ते सिग्नलला थांबलेली गाडी धरून ठेवण्यासाठी. पेडल खाली जाऊन लिबलिबीत वाटलं तर बटणाआधी दोन-तीनदा भराभर पंप करून बघा, कधी कधी दाब परत येतो. गाडी थांबली की चारही इंडिकेटर लावा आणि ‘आता ठीक आहे’ म्हणून पुढे निघू नका. थोड्या वेळाने मागून आपोआप गुंईं आवाज आला तर दचकू नका, डिस्क थंड होऊन आकसते म्हणून काही गाड्या ब्रेक पुन्हा आवळतात.

शेजारी बसणाऱ्याला न शिकवणे

बटण मधे असतं, म्हणजे डावीकडे बसलेल्याचा उजवा हातही तिथे पोचतो. चालवणारा कोसळला तर तोच एक हात उरतो. माझ्या बायकोला गाडी येत नाही, शिकायचीही नाही. तिला मी एवढंच शिकवलं: एका हाताने स्टिअरिंग सरळ धर, दुसऱ्याने हे उचल आणि सोडू नकोस. आम्ही ते रिकाम्या रस्त्यावर करून पाहिलं, वीसच्या वेगात, मी मान टाकल्याचं नाटक करून. पहिल्यांदा तिने टिचकी मारली. दुसऱ्यांदा धरलं, आणि गाडी थांबल्यावरही धरून बसली, मी ‘सोड आता’ म्हणेपर्यंत.