चिनी मुलांचं इंग्रजी तपासताना: कान अडतोय की भाषा?

नानजिंगमधल्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. पहिल्याच वर्षी एका मुलीला वाचनात ५० पैकी ४५ गुण मिळाले आणि ऐकण्यात ३० पैकी १२. मी तिच्या पेपरावर ‘ऐकण्याचा सराव वाढव’ असं लिहून दिलं. ती पेपर घेऊन परत आली आणि म्हणाली, ‘लाओशी, म्हणजे नक्की काय करू?’ लाओशी म्हणजे आपण वर्गात ‘बाई’ म्हणतो ते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. १२ या आकड्यावरून तिला शब्द ऐकू येत नव्हते, ऐकू येऊन समजत नव्हते, की समजून प्रश्नात फसत होती, हे काहीच कळत नव्हतं.

तेव्हापासून मी चाचणी घेते ती त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून. चिनी भाषिक मुलांना शिकवणाऱ्या, शिकवू पाहणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी माझी पद्धत इथे लिहून ठेवते.

आधी या मुलांना कशाची सवय आहे ते पाहा. त्यांचं सगळं वर्ष गाओकाओभोवती, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेभोवती फिरतं. आमच्याकडे त्यात इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा. त्यात ऐकण्याचे २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, एकूण ३०. वाचनाचे २० प्रश्न, प्रत्येकी अडीच, एकूण ५०. ऐकण्यात पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, बाकीचं दोनदा. पेपर ८ जूनला दुपारी तीनला सुरू होतो, पण पावणेतीननंतर कुणालाही आत सोडत नाहीत, कारण सुरुवातच ऐकण्याने होते. आणि सुरुवातीच्या नमुना प्रश्नात एक शर्ट असतो. ‘हाउ मच इज द शर्ट?’ उत्तर ‘क’, नऊ पौंड पंधरा पेन्स. हे वाक्य म्हणून बघा, अख्खा वर्ग उत्तर सांगेल.

या सवयीचा परिणाम असा की मुलं प्रश्न आधी वाचून, पर्याय ताडून, आवाजात फक्त एक शब्द शोधत बसतात. ते कौशल्यच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तुम्हाला इंग्रजीचं आकलन मोजायचं असेल तर ते बाजूला काढावं लागतं. त्यासाठी सोपा उपाय: तुम्ही काढलेले प्रश्न आधी दुसऱ्या वर्गाला उताऱ्याशिवाय, आवाजाशिवाय सोडवायला द्या. ऐकण्याच्या प्रश्नांना तीन पर्याय असतात, म्हणजे निव्वळ अंदाजाने वीसात सहा-सात बरोबर यायला हवेत. वाचनाच्या बहुतेक प्रश्नांना चार, म्हणजे अशा वीसात पाच. माझ्या पहिल्या प्रश्नसंचात मुलांनी काहीही न ऐकता वीसात अकरा बरोबर आणले. तो संच मी फेकून दिला. (वरच्या मुलीचे १२ गुण म्हणजे आठ उत्तरं बरोबर. अंदाजापेक्षा जेमतेम एखादं जास्त!)

आता मुख्य चाचणी. एकाच आशयाचे दोन रस्ते करायचे: एक कानाचा, एक डोळ्यांचा.

साधारण २०० शब्दांचे दोन उतारे घ्या, सारख्याच अवघडपणाचे. मिनिटाला १४० शब्दांच्या वेगाने असा उतारा वाचायला दीड मिनिटाच्या आत-बाहेर लागतं. शंभर शब्दांत दोन-तीनपेक्षा जास्त अनोळखी शब्द नकोत. हे स्वतः ठरवू नका, कारण आपला अंदाज हमखास चुकतो. गाओ-अरच्या, म्हणजे उच्च माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या, तीन वेगवेगळ्या वकुबाच्या मुलांना बोलवा आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. ही तिघं अर्थात चाचणीत नसावीत. उतारा दोन आवाजांत ध्वनिमुद्रित करा. मुलांना माझ्या उच्चारांची सवय झालेली असते, म्हणून मी माझा आवाज वापरत नाही.

प्रत्येक उताऱ्यातले आशयाचे दहा मुद्दे आधीच कागदावर लिहून ठेवा. मग वर्गाचे दोन गट करा. पहिला गट उतारा एक ऐकेल आणि दोन वाचेल, दुसरा गट उलट करेल. म्हणजे एखादा उतारा जरा सोपा निघाला तरी त्याचा फायदा दोन्ही बाजूंना सारखा मिळतो. ऐकणाऱ्यांना उतारा दोनदा ऐकवा. वाचणाऱ्यांना तीन मिनिटं द्या आणि कागद काढून घ्या. हे कागद काढून घेणं विसरू नका. समोर कागद असला की मुलं समजून न घेता वाक्यंच्या वाक्यं उतरवतात.

मग आठ मिनिटांत जे आठवतंय ते चिनी भाषेत लिहायला सांगा. हो, चिनीतच. इंग्रजीत लिहायला लावलंत तर तुम्ही लेखन तपासताय, आकलन नाही. माझ्या शाळेत काही जणांना हे पटलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी ‘काहीच कळलं नाही’ म्हणून मी ज्याला धरलं असतं अशा एका मुलाने चिनीत दहापैकी आठ मुद्दे लिहिले. माझं चिनी हस्ताक्षर वाचण्याइतकं चांगलं नाही, म्हणून एक सहकारी शेजारी बसून वाचून दाखवते आणि आम्ही दोघी मिळून मुद्दे मोजतो. असं कुणी नसेल तर तक्ता भरणं, चित्रं क्रमाने लावणं, नकाशावर खूण करणं असले प्रकार करा.

निकाल असा वाचा. वाचनात आठ आणि ऐकण्यात चार असतील तर कान अडतोय. दोन्हीकडे चार असतील तर अडचण भाषेची आहे. त्या मुलाला तासन्‌तास ध्वनिफिती ऐकवून काही होणार नाही, आधी शब्दसंग्रह आणि वाक्यरचना पाहा. ऐकण्यात जास्त आणि वाचनात कमी असणारी एखाद-दोन मुलं निघतात. बहुधा इंग्रजी मालिका बघणारी असतात ती. दहात एका मुद्द्याचा फरक मी धरत नाही, आणि एकाच चाचणीवर विसंबून कुणाबद्दल काही ठरवत नाही. तीन आठवड्यांत तीन जोड्या घेते.

ज्यांचा कान अडतोय त्यांच्यासाठी पुढची पायरी म्हणजे श्रुतलेखन. माझ्या सगळ्या चाचण्यांमधली ही सर्वांत बोलकी.

बारा वाक्यं, प्रत्येकात आठ-दहा शब्द, सगळे शब्द ओळखीचे. एकदा ऐकवा, निळ्या पेनाने लिहू द्या. पुन्हा ऐकवा, दुरुस्ती लाल पेनाने. निळं आणि लाल यातला फरकच तुम्हाला बरंच सांगतो. लाल शाईने दुरुस्त झालेलं म्हणजे कानाला वेळ हवा होता, लाल शाईनंतरही चुकलेलं म्हणजे तो आवाज त्या कानाला येतच नाही.

माझ्या यादीतलं एक वाक्य आहे: ‘ही शुड हॅव आस्क्ड हर फर्स्ट.’ ४८ जणांच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘ही शुड आस्क हर फर्स्ट.’ दोन छोटे तुकडे गळाले. ‘हॅव’ बोलताना ‘अव’ इतकाच उरतो आणि ‘आस्क्ड’च्या शेवटचा ‘ट’ पुढच्या शब्दात विरतो. पण अर्थ केवढा बदलला! मूळ वाक्यात त्याने विचारलेलंच नाही आणि चूक करून बसलाय, मुलांच्या वाक्यात अजून वेळ गेलेली नाही. हाच प्रश्न बहुपर्यायी असता तर मी ‘भूतकाळ कच्चा’ असा शेरा मारला असता. कागदावर हे वाक्य त्याच मुलांनी न अडखळता समजून घेतलं.

असं का होतं? मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षराच्या शेवटी स्वर येतो, नाहीतर ‘न’, ‘ङ’, आणि काही ठिकाणी ‘र’. ‘आस्क्ड’, ‘बॉक्सेस’, ‘केप्ट’ यांची शेपटं ऐकण्याची त्या कानाला सवयच नाही. शिवाय क्रियापदाला काळाचा आणि नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे शेपटाकडे लक्ष द्यायचं कारणही नाही. तुमच्या वर्गात कँटनीज बोलणारी मुलं असतील तर चित्र वेगळं दिसेल, कारण त्या भाषेत शेवटी ‘प’, ‘ट’, ‘क’ येतात. आणि नानजिंगच्या जुन्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ एकच. आजी-आजोबांकडे वाढलेल्या एका मुलाने ‘नाइट’च्या जागी तीनदा ‘लाइट’ लिहिलं. म्हणून घरी कोणती बोली बोलतात हे चाचणीआधी विचारून घ्या.

श्रुतलेखनात दोन वाक्यं मोठ्या आकड्यांची ठेवा. ‘थ्री हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ म्हटल्यावर मी वर्गाकडे बघत होते. एक मुलगी बाकावर बोटाने शून्यं काढत होती, एक, दोन, तीन, मग पुसल्यासारखं करून परत पहिल्यापासून. तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेली. चिनी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्याने चालते, त्या गठ्ठ्याला ‘वान’ म्हणतात. साडेतीन लाख म्हणजे त्यांचे ३५ वान. आपल्याला हे पटकन कळतं, कारण आपणही लाखातून हजारात असेच अडखळतो. तेव्हा आकडा चुकला की ऐकणं चुकलं असं धरू नका. तेच वाक्य छापून द्या. तिथेही चूक आली तर अडचण रूपांतराची आहे, कानाची नाही.

आणखी दोन सापळे मुद्दाम तपासावेत. पहिला, ‘तो’ आणि ‘ती’. चिनीत दोघांची अक्षरं वेगळी, पण उच्चार एकच: ‘था’. एक बाई आणि एक पुरुष असलेली छोटी गोष्ट ऐकवा आणि कुणी काय केलं ते विचारा. वाचताना न होणारी अदलाबदल ऐकताना होते. दुसरा, नकारार्थी प्रश्न. ‘यू हॅवन्ट फिनिश्ड इट, हॅव यू?’ याला इंग्रजीत ‘नो’ म्हणजे संपलेलं नाही. मराठीत आपण ‘हो, नाही संपवलं’ म्हणतो, चिनी मुलंही तसंच म्हणतात. त्यामुळे ‘नो’ ऐकून ती काम संपलं असं समजतात. असा प्रश्न चाचणीत असेल तर त्याचे गुण ऐकण्यात धरू नका, वेगळी नोंद करा.

वाचनाकडे येते. इथे मुलं मजबूत असतात, म्हणूनच त्यांची खरी अडचण झाकली जाते. मोठ्याने वाचायला लावून काही कळत नाही, अर्थ न कळता सुंदर वाचणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. मी दहा लांब वाक्यं देते आणि एकच प्रश्न विचारते: काम कुणी केलं? ‘द स्टूडंट द कोच हॅड चोझन फॉर द फायनल लेफ्ट अर्ली.’ लवकर कोण निघून गेलं? बरेच जण लिहितात, प्रशिक्षक. चिनीत विशेषण कितीही लांब असलं तरी नामाच्या आधी येतं, अगदी आपल्या ‘प्रशिक्षकांनी अंतिम सामन्यासाठी निवडलेला विद्यार्थी’ सारखं. इंग्रजीत ते नामानंतर लोंबतं आणि क्रियापद पार दूर जातं. दहापैकी सहाहून कमी आले तर त्या मुलाला उताऱ्यावर उतारे देणं थांबवते आणि वाक्यांवर बसवते.

परिच्छेदांची सांधेजोड तपासायला गाओकाओचाच एक प्रकार उत्तम आहे: ‘ची श्युआन वू’, सातातून पाच. उताऱ्यात पाच जागा रिकाम्या, खाली सात वाक्यं. मी त्यात भर एवढीच घालते की प्रत्येक निवडीसमोर कारण लिहायचं, चिनीत, एका ओळीत. कारण चुकीचं आणि उत्तर बरोबर असेल तर अर्धेच गुण.

वेळ आणि जागा यांबद्दल थोडक्यात. पहिली चाचणी मी संध्याकाळच्या स्वाध्यायात घेतली आणि निकाल पाहून हादरले. तसलीच चाचणी पुढच्या आठवड्यात सकाळी दुसऱ्या तासाला घेतली तर तीच मुलं ओळखू येईनात. दुपारच्या झोपेनंतर लगेचही नको, अर्धा वर्ग बाकावरून नुकताच डोकं उचलत असतो. स्पीकर आधी शेवटच्या बाकावर स्वतः बसून ऐका, पंखे चालू ठेवून.

गुणांची यादी भिंतीवर लावू नका. इथे मुलांच्या मागे क्रमांकांचा ससेमिरा आधीच आहे, आणि या चाचणीत क्रमांकाला अर्थही नाही. चीनने २०१८ मध्ये आणलेल्या इंग्रजी क्षमतेच्या नऊ पातळ्यांच्या मोजपट्टीत ‘अमुक करू शकतो’ अशा भाषेत वर्णनं आहेत, मी तोच धागा धरते. प्रत्येकाला हातभर लांब अहवाल नाही, एक चिठ्ठी. ‘ओळखीचे शब्द सावकाश बोललेले कळतात, जोडून बोलले की शेवट सुटतो. रोज पाच वाक्यं, निळं आणि लाल पेन.’ ४८ चिठ्ठ्या लिहायला दोन संध्याकाळी जातात.

सहा आठवड्यांनी फक्त श्रुतलेखन पुन्हा घ्या, नवी बारा वाक्यं, पण सापळे तेच. त्या पहिल्या मुलीची निळी वाक्यं आधी बारापैकी तीन बरोबर होती. दुसऱ्या वेळी सात आली, आणि ‘कुड हॅव कॉल्ड’मधलं ‘हॅव’ तिने निळ्या पेनानेच लिहिलं होतं.