लेझर कटिंगसाठी ड्रॉइंग देताय? फाइलमधल्या या चुका टाळा

सोलापुरी चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकट चौकट रंगवली जाते, पण जॅकार्ड मागाला तो कागद दिसत नाही. मागाला कळतात ती पुठ्ठ्याच्या कार्डावरची भोकं. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. लेझर मशीनचं अगदी असंच आहे. ड्रॉइंग माणसाने वाचायचं असतं, मशीन मात्र फाइलमधली प्रत्येक रेघ ही कापायची वाट धरून चालतं. शीट वाया जाण्याची बहुतेक कारणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

कॉलेजच्या प्रोजेक्टची मुलं अनेकदा वर्गात सबमिट केलेली शीटच जशीच्या तशी घेऊन येतात. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू, मापं, बाण, सेंटर लाइन, हॅचिंग आणि खाली टायटल ब्लॉक. परीक्षकासाठी हे सगळं हवंच. कापायला मात्र भागाची सपाट बाहेरकड आणि तिच्यातली भोकं एवढंच लागतं, तेही १:१ मापात. शीटवर १:२ स्केल असेल तर मूळ मॉडेलवरून त्या पृष्ठभागाचं ड्रॉइंग नव्याने एक्सपोर्ट करा. आणि नको असलेला लेयर (ड्रॉइंगमधला रेघांचा वेगळा थर) नुसता लपवू नका, डिलीट करा. ऑटोकॅडमध्ये बंद किंवा फ्रीझ केलेला लेयर डीएक्सएफमध्ये (ड्रॉइंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइलमध्ये) जातोच आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर डोकं वर काढू शकतो.

माप बदललं कसं?

डीएक्सएफमध्ये १०० हा आकडा असतो, पण ते १०० मिलिमीटर की १०० इंच, हे उघडणारं सॉफ्टवेअर कधी कधी स्वतःच ठरवतं. इथे फरक २५.४ पटीचा पडतो, म्हणून निदान लगेच लक्षात तरी येतो. एसव्हीजी या चित्राच्या फाइलची चूक जास्त फसवी. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरपैकी इलस्ट्रेटर एका इंचाला ७२ पिक्सेल धरतं, इंकस्केप ९६. त्यामुळे एकीकडे १०० मिमीचा काढलेला भाग दुसरीकडे ७५ मिमीचा होऊ शकतो. इंकस्केपच्या ०.९२ च्या आधीच्या आवृत्त्या ९० पिक्सेल धरायच्या, म्हणून तशी जुनी फाइल आज उघडली तर तोच भाग ९३.७५ मिमी भरू शकतो. स्क्रीनवर हा फरक नजरेला कळत नाही, जोडणी करताना कळतो, आणि तोवर शीट कापून झालेली असते.

यावर उपाय सोपा आहे. फाइलच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगात १०० बाय १०० मिमीचा चौकोन काढून ठेवा. दुकानात फाइल उघडली की आधी तो मोजायला सांगा, बरोबर असेल तर तिथेच डिलीट करा.

एकाच रेघेवरून दोनदा

दोन चौकोन कडेला कड लावून ठेवले की मधली रेघ दोनदा येते. कॉपी-पेस्ट करताना एकावर एक बसलेले भाग तर दिसतही नाहीत. मशीन त्या रेघेवरून दोनदा जातं: एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) कड काळी पडते, अ‍ॅक्रिलिकची वितळून पुन्हा चिकटते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही कमांड आणि लेझर मशीन चालवणाऱ्या आरडीवर्क्स सॉफ्टवेअरमध्ये डिलीट ओव्हरलॅप यासाठीच आहेत. याच्या उलट दोष म्हणजे तुटकी रेघ. दोन टोकांत केसाएवढी फट राहिली की आकार बंद होत नाही, मग एन्ग्रेव्हिंगचा (कोरण्याचा) भराव होत नाही आणि ऑफसेटही (कडेला समांतर काढलेली रेघ) चुकतो. जॉइन किंवा युनाइट लाइन्स करून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून ट्रेस करणाऱ्यांना दुहेरी रेघेचा हा त्रास हमखास होतो. ट्रेस करणारं सॉफ्टवेअर जाड रेघेच्या दोन्ही कडा पकडतं, म्हणजे एका रेघेच्या दोन झाल्या. फोटोवर भरवसा न ठेवता मूळ फाइल मागवा, आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मराठी पाटी असेल तर

हा भाग सावकाश वाचा, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शक व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोड असेल तर मजकूर वाचता येतो, पण फॉन्ट बदलून वळण बदलतं. म्हणून फाइल देण्याआधी मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं रेघांत रूपांतर करा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल क्यू, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. न कर्व्ह केलेली एक प्रत मात्र स्वतःकडे ठेवा, कारण कर्व्ह झाल्यावर चुकलेली वेलांटी दुरुस्त करता येत नाही.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. देवनागरी शब्दात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. डोळ्याला ती एकसंध दिसते, मशीनला मात्र प्रत्येक जोडावर दोन उभ्या कडा दिसतात. तशीच फाइल कापली तर शब्दाऐवजी सुटी अक्षरं हातात येतात. कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे एकमेकांत मिसळून एकच आकार करा. इंकस्केपमध्ये त्याला युनियन म्हणतात. मग आउटलाइन व्ह्यूमध्ये जाऊन काना, मात्रा, रफार नीट जोडले गेले का ते एकेक करून बघा.

तिसरी गोष्ट पोटाची, म्हणजे अक्षरातल्या बंद पोकळीची. घराच्या पाटीवर ‘वृंदावन’ हा शब्द उठावाच्या अक्षरांत कापून लावायचा असेल तर दोन्ही ‘व’ची पोटं गळून पडतात, ते ठीकच. पण अनुस्वाराचा ठिपका कशालाच जोडलेला नसतो. तो सुटा निघतो आणि मशीनच्या जाळीतून खाली जातो. त्याला बारीक दांडी देऊन शिरोरेषेशी जोडा, नाहीतर पाठीमागे पारदर्शक शीट घ्या. स्टेन्सिल हवी असेल तर गणित उलटं होतं: तिथे ठिपका आपोआप बसतो, पण ‘व’चं पोट धरून ठेवायला पूल लागतो. पूल दीड-दोन मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, रंग मारताना तुटतो.

अ‍ॅक्रिलिकवर मागच्या बाजूने कोरायचं असेल तर मजकूर मिरर (आरशातल्यासारखा उलटा) करायला विसरू नका.

खाच सैल का बसते?

किरण मटेरियल जाळत जातो, त्यामुळे रेघेच्या जागी चीर पडते. तिला कर्फ म्हणतात. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरच्या) मशीनवर ती साधारण ०.१ ते ०.३ मिमी असते. मटेरियल, लेन्स आणि वेग बदलला की बदलते. त्यात ‘३ मिमी’ म्हणून विकत घेतलेलं एमडीएफ व्हर्नियरने २.९ भरतं. तुम्ही खाच ३.० काढली, कर्फ ०.२ धरला, तर खाच ३.२ ची होते आणि बोर्ड ०.३ मिमीने डगमगतो. घट्ट बसवायचं असेल तर खाच २.७ काढायला हवी. जिभेचं (खाचेत बसणाऱ्या पट्टीचं) उलट आहे: २० मिमीची काढलेली जीभ १९.८ होऊन निघते.

कर्फ किती हे विचारत बसू नका, मोजा. त्याच शीटच्या कोपऱ्यात ५० मिमीचा चौकोन कापा. भोकाच्या मापातून तुकड्याचं माप वजा करा आणि निम्मं करा. आलेला आकडा म्हणजे तुमचा कर्फ.

कोरणं आणि कापणं वेगळ्या रंगात ठेवा आणि क्रम सांगा: आधी कोरणं, मग आतली भोकं, बाहेरची कड शेवटी. कड आधी कापली की तुकडा सरकतो आणि भोकं जागेवर पडत नाहीत.

मटेरियलचं नाव लिहाच

पीव्हीसी लेझरवर चालवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला घातक आणि मशीनच्या लोखंडाला गंज आणणारा. सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचाच फोम असतो, बऱ्याचशा रेक्झिनवरही पीव्हीसीचा थर असतो. खात्री नसेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्वाळेत धरा, हे सगळं मोकळ्या हवेत. ज्योत हिरवी झाली तर त्यात बहुधा क्लोरीन आहे, तो तुकडा बाजूला ठेवा. युनिफॉर्मचे बॅज करणाऱ्यांसाठी आणखी एक: पॉलिएस्टरची कड लेझरने वितळून बंद होते, सुती टॉवेलच्या कापडाची मात्र तपकिरी जळते. दोन्हींना एकच सेटिंग लावू नका.

आणि एक तक्रार जिच्यात फाइलचा दोष नसतो. जानेवारीत आरपार कापलेली फाइल मे महिन्यात अर्धवट कापते. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा किरण तयार करणाऱ्या ट्यूबभोवती फिरणारं पाणी गरम होतं आणि ट्यूबची ताकद उतरते. अशा वेळी रेघा बदलू नका. पाणी थंड करणाऱ्या चिलरवरचं तापमान बघा, पाणी २५ अंशांच्या वर गेलं असेल तर मशीन थांबवून ते खाली येऊ द्या, लेन्स आणि आरसे पुसा, आणि तीच फाइल पुन्हा एका छोट्या तुकड्यावर चालवून बघा.