छावणीतलं पहिलं वर्ष: रांग, यादी आणि पाण्याचा नळ

बरेच जण विचारतात की लढाईमुळे घरदार सोडावं लागलेल्या लोकांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी आधी डिस्ट्रिब्युशन असिस्टंट होते (म्हणजे मदतीचं सामान वाटायच्या कामात), नंतर पाणी आणि संडासांच्या टीममध्ये गेले (आमच्यात त्याला वॉश म्हणतात), त्यामुळे जे सांगतेय ते त्या बाजूने आहे. औषधोपचाराचं किंवा कायद्याचं काम वेगळं असतं.

आधी शब्द नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. सीमा ओलांडून दुसऱ्या देशात गेला तो निर्वासित, त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. आपल्याच देशात इकडून तिकडे पळाला तो अंतर्गत विस्थापित, त्याच्यासाठी १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत पण ती मुळात बंधनकारक नाहीत. त्याची जबाबदारी त्याच्याच सरकारवर, आणि कित्येकदा तेच सरकार लढाईतला एक पक्ष असतं. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक असे बळजबरीने विस्थापित झालेले होते आणि त्यातले ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशाच्या आतच होते. बातम्यांत सीमेवरची गर्दी दिसते, पण जास्त लोक आत अडकलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत एक ट्रक न्यायचा तरी परवानग्यांमध्येच दिवसच्या दिवस जातात.

दुसरं म्हणजे स्फिअर हँडबुक वाचा, मदतकार्यात कमीत कमी काय मिळालंच पाहिजे ते सांगणारं पुस्तक, फुकट मिळतं. माणशी दिवसाला कमीत कमी १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, वीस जणांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा, दिवसाला २१०० कॅलरी. मला हे सुरुवातीला परीक्षेला पाठ करायचे आकडे वाटायचे. मग गोमाबद्दल वाचलं, रवांडाच्या सीमेला लागून असलेलं काँगोतलं शहर. जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो लोक काही दिवसांतच तिथे येऊन पोचले, खाली ज्वालामुखीचा कडक खडक, संडासाचा खड्डा खणता येईना, प्यायला तळ्याचं पाणी, आधी कॉलरा आणि पाठोपाठ रक्ती हगवण, आणि पहिल्याच महिन्यात जवळपास ५० हजार माणसं गेली. कत्तल आणि लढाईतून जीव वाचवून आलेली माणसं पाण्याने गेली. अशा अनुभवांतूनच स्फिअरचं काम १९९७ मध्ये सुरू झालं. हे वाचल्यापासून नळावरच्या पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक आहे का हे बघायचं मी एक दिवसही चुकवलं नाही, कितीही थकलेली असले तरी.

पण नुसत्या आकड्यांवरही जाऊ नका. आमच्याकडे संडास हिशोबाप्रमाणे पूर्ण होते, रिपोर्टमध्ये सगळं हिरवं, आणि तरी बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. का, तर दाराला आतून कडी नाही, वाटेवर दिवा नाही, पुरुषांचे आणि बायकांचे संडास एकाच ओळीत. आम्ही सर्व्हे केला होता की, पण कुटुंबप्रमुखाला विचारून, म्हणजे बहुतेक पुरुषांनाच. बायकांशी बोलायला बाईच लागते आणि तीही त्यांची भाषा येणारी, हे आम्हाला कडीसारख्या छोट्या वस्तूने शिकवलं.

नोकरीचं थोडक्यात: काया कनेक्ट आणि डिझास्टर रेडी या साइट्सवर मोफत कोर्स आहेत, जाहिराती रिलीफवेबवर येतात. कोबोवर (मोबाइलवर सर्व्हेची माहिती भरायचं साधन) फॉर्म बनवता येणं, एक्सेल आणि गोदामातल्या स्टॉकचा हिशोब, हे येत असेल तर तुमचा पटकन उपयोग होतो. नुसती कळकळ घेऊन येणारे खूप असतात, तीन हजार ताडपत्र्यांचा ताळेबंद जुळवणारे कमी. आणि या क्षेत्रातले बहुसंख्य लोक त्याच देशातले स्थानिक असतात, काहींची स्वतःची घरं गेलेली असतात, त्यांच्याकडून शिका, त्यांना फक्त दुभाषी समजू नका.

एका बाबतीत अजिबात ढिलाई नको. मदत फुकट असते, तिच्या बदल्यात कोणी काहीही मागत असेल, पैसे, शरीर, काहीही, तर त्याच दिवशी तक्रार करायची, मग तो तुमचा सीनियर का असेना. फोटोही परवानगीशिवाय नाही. लढाईतून पळालेल्या माणसाचा चेहरा आणि जागा बाहेर गेली तर मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवावर बेतू शकतं.

आता माझी चूक. तिसऱ्या की चौथ्या वाटपात एक बाई कडेवर मूल घेऊन रांगेतून पुढे आली, मदतीचं कार्ड नवऱ्याच्या नावावर होतं. नियमात कार्डधारक किंवा त्याने नेमून दिलेला माणूस, म्हणून मी म्हटलं त्यांना घेऊन या. ती काही बोलली नाही, जाऊन पाण्याच्या टाकीजवळ बसली. संध्याकाळी आमच्या दुभाषी ताईंनी सांगितलं की नवरा वाटेतच हरवलाय, जिवंत आहे की नाही तेही तिला माहीत नाही, आणि हे पन्नास लोकांसमोर तिला बोलायचं नव्हतं. मी नियम पाळला होता आणि ती रिकाम्या हाताने गेली होती. दुसऱ्या दिवशी प्रोटेक्शन टीमने (लोकांची सुरक्षितता आणि हक्क बघणारी टीम) तिच्या नावाने नवीन कार्ड केलं आणि नवऱ्याचा शोध घ्यायला रेड क्रॉसकडे नोंद केली. मी तिच्या तंबूत जाऊन माफी मागितली, तिने मला बसायला जागा करून दिली.

त्यानंतर रांगेच्या बाजूला, थोडं आडोशाला, एक वेगळं टेबल लावायला लागले, जिथे कोणाला काही सांगायचं असेल तर हळू आवाजात सांगता येईल. आणि एक वही ठेवली, त्यात फक्त आज कोण न घेता परत गेलं आणि का एवढंच. वाटप संपलं की टीम जमते, तेव्हा आधी ती वही उघडायची आणि मग किती पोती गेली ते मोजायचं.