औषध न सोसणारा कुत्रा आणि हटत नसलेल्या गोचिडी

आमच्या मोतीला मानेवर टाकायचे थेंब सोसत नाहीत. कातडी लाल होते, केस जातात. पट्टा, पावडर, कडुनिंबाचं तेल, सगळं करून झालं. काढलेल्या गोचिडी आठवड्यात परत! रडकुंडीला आलो होतो.

चूक ही, की मी फक्त कुत्राच साफ करत होतो. तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते, फटीत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते.

आधी गोणपाट फेकलं, चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या. मग बॅटरी घेऊन फटी पाहिल्या. दाराच्या चौकटीमागे खसखशीएवढी पिल्लं दाटीवाटीने बसली होती. ती व्हॅक्यूमने ओढली, पिशवी बांधून लगेच बाहेर टाकली, फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी बारीक फणी, दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवून. आधी कान आणि बोटांच्या बेचक्या. पिसवाही त्यातच जातात. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, रॉकेल तर मुळीच नको. काढलेली स्पिरिटमध्ये.

तीन महिने एकही दिवस चुकवला नाही. गेले पाच आठवडे एकही गोचीड नाही. गोचीडतापासाठी डॉक्टरांकडून रक्तही तपासून घेतलं, नीट आलं.