सोलापुरातली पहिली संक्रांत

बदली होऊन किंवा नोकरीसाठी नुकतेच सोलापुरात आला असाल तर जानेवारीतले १२ ते १६ हे दिवस गावाला जायला ठेवू नका (संक्रांत १४ ऐवजी १५ ला आली तर खालच्या सगळ्या तारखा एकेक दिवस पुढे जातात). मीही रत्नागिरीकडून इथे आलो आणि इथलाच झालो. आमच्याकडे वर्ष गणपती-शिमग्याभोवती फिरतं, इथे ते सिद्धेश्वराच्या यात्रेभोवती. सगळे तिला गड्डाच म्हणतात.

बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली, तळं खोदवलं. कथा अशी की एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला परवानगी दिली. ते लग्न सोलापूरकर दरवर्षी लावतात. उंचच उंच सजवलेले सात नंदीध्वज हे त्या योगदंडाचं प्रतीक. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत.

१२ तारखेला यण्णीमज्जन, म्हणजे ६८ लिंगांना तैलाभिषेक. यात्रेचे मानकरी हिरेहब्बू, त्यांच्या उत्तर कसब्यातल्या वाड्यातून नंदीध्वजांची मिरवणूक निघते. एवढी मोठी काठी एका वेळी एकच जण पेलतो, भोवतीचे सावध असतात. पांढरी बाराबंदी घातलेल्या माणसांनी रस्ता भरून जातो आणि ‘हर्र बोला हर्र’ सुरू झालं की अनोळखी माणसाच्याही तोंडून ते निघतं.

१३ ला अक्षता. हा दिवस काही झालं तरी चुकवू नका. मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर सुगडी पूजन होतं, संमती म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टका वाचल्या जातात, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं की चहूकडून अक्षता पडतात. तुमच्या मुठीतही हव्यात, तेव्हा घरूनच नेऊन ठेवा. इथे पत्रिकेची वाट बघायची नसते, आलेला प्रत्येक जण वऱ्हाडी. लवकर जा, लहान मुलांना मागच्या बाजूला उभं करा, गाडी लांब लावून चालत या.

१४ च्या रात्री होम मैदानावर होमविधी. बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून ती कुंभारकन्या म्हणून अग्नीला देतात. कथेतही तिने विवाहानंतर अग्निप्रवेश केला. ते पाहताना मला दरवर्षी गलबलून येतं. त्याच रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराच्या वागण्यावरून वर्षाची भाकणूक सांगतात. १५ ला शोभेचं दारूकाम, १६ ला कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी.

या धावपळीत घरची संक्रांतही असतेच. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, हरभरा, वांगं, घेवडा घालून केलेली मिसळीची भाजी, मग शेंगापोळी. शेजारच्या मावशी ताट पाठवतील. ते रिकामं परत करू नका, आपल्याकडचं काहीतरी त्यात घाला. माझ्या बायकोने घावणे दिले होते, अजूनही संक्रांतीला त्यांची फर्माईश येते. वाणाला बोलावलं की वहिनींनी जरूर जावं. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा एकाच ओसरीवर ऐकू येतील. कळलं नाही तर विचारा, इथले लोक सांगताना थकत नाहीत.

यात्रेतले पाळणे आणि खाऊची दुकानं यानंतरही काही दिवस असतात. मुलांना तिथे आडवारी न्या, रविवारी पाय ठेवायला जागा नसते.